क्रोधाला नमस्कार कीं क्रोधापासून रक्षण ?

श्रावणांतला पहिला सोमवार होता. त्या दिवशीं घरीं रुद्राची एकादशिनी करण्याची आमच्याकडे फार दिवसांची चाल आहे. ब्राह्मण येऊन बसले होते. तीर्थरूप अण्णा प्रातःसंध्या आटोपून यजमानाच्या पाटावर बसले होते. अशा वेळीं माझ्या थोरल्या वहिनींच्या हातून अभिषेकाच्या दुधाचें पातेलें देवघराच्या उंबऱ्याशीं कलंडलें आणि दूध वाहत थेट पाटापर्यंत गेलें. झालें ! बाहेरच्या माणसांदेखत अण्णा त्यांना जें कांहीं टाकून बोलले, तें येथें लिहिण्यासारखें नाहीं. वहिनींनीं एक शब्दहि उच्चारला नाहीं. पदर सांवरून त्यांनीं फरशी पुसून काढली, दुसरें दूध आणून ठेविलें, आणि त्या आंत निघून गेल्या.

वहिनींच्या मुलाची मुंज त्याच वैशाखांत झाली होती. नुसती पोपटपंची नको, म्हणून अण्णांनीं नातवाला संध्या अर्थासह शिकविली होती. अर्थासह शिकविण्यांत एक धोका असतो. शिकणारा कधींकधीं तो अर्थ लक्षांत ठेवतो. दुपारीं पंक्तीला बसल्यावर हा बटु सरळपणें विचारता झाला, "आजोबा, सकाळच्या संध्येंत आपण सूर्याला आणि मन्यूला सांगतों, कीं क्रोधानें घडलेल्या पापांपासून आमचें रक्षण करा. आणि रुद्राचा आरंभ तर देवाच्या क्रोधाला नमस्कार करूनच होतो. मग क्रोध चांगला कीं वाईट ?"

अण्णा म्हणाले, "जेवतांना बोलूं नये." पुढें कोणीच बोललें नाहीं. पण आपोष्णी घेऊन उठतांना त्यांची मुद्रा नेहमींसारखी नव्हती. दिवेलागण झाल्यावर त्यांनीं मला हांक मारली आणि म्हणाले, "कपाटांतलें वनपर्व काढ. गीता आणि रुद्राचें पुस्तकहि घे. मुलानें विचारलें आहे, तर उत्तर दिलें पाहिजे."

त्यानंतर तीन रात्रीं आमच्या माजघरांत जें वाचन आणि बोलणें झालें, त्याचा सारांश वाचकांपुढें ठेवीत आहें. प्रश्न लहान मुलानें विचारलेला असला तरी लहान नाहीं, आणि तो आमच्या एकट्या घरचाहि नव्हे.

आधीं विरोध कोठें दिसतो तें पाहूं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश, त्यापासून बुद्धिनाश आणि शेवटीं सर्वनाश, अशी उतरती पायरी सांगितली आहे. सोळाव्या अध्यायांत काम, क्रोध व लोभ हीं नरकाचीं तीन द्वारें म्हटलीं आहेत. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत धर्माचीं दहा लक्षणें आहेत. त्यांत क्षमा आहे आणि अक्रोधहि निराळा मोजला आहे. येथपर्यंत शंकेला जागा नाहीं. परंतु ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत ८३ व ८४ हीं दोन सूक्तें खुद्द मन्यूला, म्हणजे मूर्तिमंत आवेशाला, उद्देशून आहेत आणि रणांत आमचा सांगाती हो अशी त्याची विनवणी आहे. वाजसनेयी संहितेच्या एकोणिसाव्या अध्यायांत उपासक तेज, वीर्य, बल आणि ओज यांच्या जोडीला मन्युहि आपल्या ठायीं असावा असें मागतो. ज्या वस्तूला एकीकडे नरकाचें द्वार म्हटलें, तीच दुसरीकडे देवाजवळ मागून घ्यावी, हें कसें ?

पहिल्या रात्रीं अण्णांनीं संध्या आणि रुद्र यांचाच अर्थ पुन्हां लावला. मन्यु हा शब्द मन् या धातूपासून आला आहे. वेदांत त्याचा अर्थ नुसता राग एवढाच नाहीं. मनाची उसळी, मानीपणा, अन्याय पाहून अंगांत उठणारी तिडीक, हें सर्व त्या एका शब्दांत मावतें. आतां संध्येंतील प्रार्थना नीट पाहिली तर असें दिसतें, कीं तेथें मन्यूचा नाश कर असें म्हटलेलेंच नाहीं. उलट, रक्षण करणाऱ्यांच्या मालिकेंत सूर्याच्या पाठोपाठ मन्यूलाच बसविलें आहे. भय आहे तें मन्यूचें नव्हे, मन्यूच्या आहारीं जाऊन केलेल्या पापाचें. आणि त्या पापाची मोजणी मनापासून सुरू होऊन वाणीवर येते, मग हातापायांवर उतरते. चुलींतला विस्तव आणि वळचणीला लागलेला विस्तव हा एकच विस्तव असतो. परंतु एकावर अन्न शिजतें आणि दुसऱ्यानें घर जातें.

रुद्राचेंहि तसेंच आहे. त्याच्या क्रोधाला, बाणाला, धनुष्याला आणि बाहूंना नमस्कार केल्यावर भक्त काय मागतो ? धनुष्याची दोरी उतर, बाणांचीं टोकें बोथट कर, आमच्याकडे सौम्य दृष्टीनें पाहा. पुढें तर आमच्या वडीलधाऱ्यांवर, लेंकरांवर, गाईघोड्यांवर कोपूं नकोस, अशी काकुळती आहे. म्हणजे नमस्कार क्रोधाला असला तरी मागणें क्रोध आवरण्याचेंच आहे. ज्याचा क्रोध ज्याच्या ताब्यांत आहे, त्यालाच दोरी उतर असें सांगतां येतें; ज्याचा बाण आपोआप सुटतो, त्याला सांगून काय उपयोग ? एवढें बोलून अण्णांनीं पुस्तक मिटलें आणि हलकेच म्हणाले, "पन्नास वर्षें हें म्हणत आलों आहें."

दुसऱ्या रात्रीं वनपर्व उघडलें. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची जी संशोधित आवृत्ति सिद्ध केली, तींत या पर्वाला आरण्यकपर्व म्हटलें आहे, आणि आपल्याला हवा तो संवाद २८ ते ३० या अध्यायांत येतो. पांडव द्वैतवनांत आहेत. संध्याकाळची वेळ आहे. द्रौपदी एकेका भावाची दशा धर्मराजापुढें मांडते आणि प्रत्येक वेळीं एकच विचारते, कीं हें पाहून तुमचा मन्यु कां वाढत नाहीं ? मग ती एक जुना इतिहास सांगते. बलीनें आपल्या आजोबांना, म्हणजे प्रल्हादाला विचारलें, कीं क्षमा श्रेष्ठ कीं तेज श्रेष्ठ ? नातवाचा प्रश्न आजोबाला, हें वाक्य येतांच आमचा बटु सरसावून बसला.

प्रल्हादाचें उत्तर असें, कीं सदा सर्वदा तेजहि बरें नव्हे आणि सदा सर्वदा क्षमाहि बरी नव्हे. जो नेहमींच क्षमा करतो, त्याचे चाकर त्याला जुमानीत नाहींत, त्याच्या वस्तु लांबवितात, आणि परके सोडाच, घरचेहि त्याचा उपमर्द करतात. उलट, जो नेहमींच तापलेला असतो, त्याला मित्र उरत नाहींत, द्रव्य उरत नाहीं. घरांत शिरलेल्या सापाला भ्यावें तसे लोक त्याला भितात. हें वाचतांना माझा आवाज थोडा अडखळला, कारण समोर अण्णा बसले होते. ते म्हणाले, "थांबूं नकोस. वाच."

पुढें प्रल्हाद क्षमेचे प्रसंग सांगतो. ज्यानें पूर्वीं आपल्यावर उपकार केले, त्याचा अपराध मोठा असला तरी क्षमा करावी. ज्याच्या हातून न कळत चूक घडली, त्याची नीट चौकशी करून त्याला क्षमा करावी, कारण सर्वच माणसांना सर्व कांहीं कळतें असें नाहीं. कोणाचाहि पहिला अपराध पोटांत घालावा. तोच दुसऱ्यांदा झाला तर मात्र लहान असला तरी दंड करावा. जाणूनबुजून करून वर न कळत झालें असें म्हणणाऱ्याला थोडक्यासाठींहि सोडूं नये. आणि हें सर्व करतांना देश, काल व आपलें बलाबल पाहावें. लोकमान्य टिळकांनीं १९१०-११ सालीं मंडालेच्या तुरुंगांत लिहिलेल्या व १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यांत, कर्मजिज्ञासेच्या प्रकरणांत, हाच प्रल्हाद-बलि संवाद घेतला आहे. क्षमेसारख्या सर्वमान्य धर्मालाहि अपवाद असतात, हें त्यांना तेथें दाखवावयाचें होतें.

वाचन येथवर आलें असतांना स्वयंपाकघराच्या दाराशीं बसलेल्या वहिनी म्हणाल्या, "मामंजी, एक विचारूं का ? पहिल्या अपराधाला क्षमा आणि न कळत झाल्याची आधीं चौकशी, हें राजानें प्रजेपुरतें पाळावयाचें, कीं घरांत वडिलांनीं धाकट्यांशींहि ?"

माजघरांत कोणी हललें नाहीं. सासऱ्याला असा प्रश्न आमच्या घरांत पूर्वीं कोणीं केल्याचें मला आठवत नाहीं. अण्णांनीं चष्मा काढून पुसला, पुन्हां डोळ्यांवर चढविला, आणि म्हणाले, "घरांत आधीं. राजाला प्रजा सोडून जाऊं शकते. धाकटीं माणसें कोठें जाणार? त्या दिवशीं माझें चुकलें, मुली. तो तर अपराधच नव्हता. उंबऱ्याशीं फरशी ओली होती, आणि ती ओली मीच केली होती."

वहिनींचें उत्तर मला अजून जसेंच्या तसें आठवतें. त्या म्हणाल्या, "माझेंहि चुकलें. मी गप्प बसलें, ती कांहीं क्षमा नव्हती. चार दिवस मनांत धुमसत होतें."

तिसऱ्या रात्रीं धर्मराजाचें उत्तर वाचलें. तो द्रौपदीला गप्प बस म्हणत नाहीं. पुढें तिनें धर्माविषयींच शंका घेतली तेव्हां तो तिला दोष देतो खरा, पण तिच्या युक्तिवादाला युक्तिवादानेंच उत्तर देतो. तो म्हणतो, रागावलेल्या माणसाला काय बोलावें आणि काय बोलूं नये हें कळत नाहीं. जो वध्य नाहीं त्याला तो मारतो आणि जो वध्य आहे त्याला पूजितो. शिवीला शिवी आणि फटक्याला फटका असेंच सर्वांनीं केलें, तर बाप मुलांना मारतील, मुलें बापांना. नवरे बायकांना आणि बायका नवऱ्यांना. पृथ्वीसारखीं सोसणारीं माणसें आहेत म्हणून जग चाललें आहे. रागावलेल्यावर जो उलट रागावत नाहीं, तो स्वतःला आणि त्या दुसऱ्यालाहि मोठ्या भयांतून सोडवितो. तो दोघांचाहि वैद्य होय.

धर्मराज क्षमेचा उपदेश बलवानालाहि करतो आणि दुर्बलालाहि करतो. प्रल्हादाप्रमाणें तो प्रसंग निवडीत बसत नाहीं. द्रौपदीचें समाधान त्यानें झालें नाहीं, आणि व्यासांनीं तें झालें असें दाखविलेंहि नाहीं. मग दोघांचा मेळ कोठें बसतो ? माझ्या मतें तो धर्मराजाच्याच बोलण्यांत आहे. तेजस्वी कोणाला म्हणावें, हें तो सांगतो. ज्याच्या अंतरांत क्रोध नाहीं, उठलेल्या क्रोधाला जो बुद्धीनें आवरून धरतो, त्यालाच जाणते लोक तेजस्वी म्हणतात. दक्षता, अमर्ष, शौर्य आणि शीघ्रता हे तेजाचे गुण. आणि क्रोधानें ज्याला घेरलें त्याला ते सहसा लाभत नाहींत. या यादींतील अमर्ष हा शब्द वाचकांनीं लक्षांत घ्यावा. अमर्ष म्हणजे अन्याय सहन न होणें. तो धर्मराजालाहि हवा आहे. त्याला नको आहे तो ज्वर.

असें पाहिलें म्हणजे गीतेंतला विरोधहि मावळतो. क्रोधाला नरकाचें द्वार म्हणणाऱ्या त्याच सोळाव्या अध्यायांत, दैवी संपत्तीच्या यादींत, अक्रोध सांगून झाल्यावर लगेच पुढच्या श्लोकांत तेज आणि क्षमा हे दोन गुण शेजारीं शेजारीं ठेविले आहेत. तिसऱ्या अध्यायांत भगवान् अर्जुनाला युद्ध कर म्हणतात, पण ज्वर टाकून कर म्हणतात. वाल्मीकींनीं तर रामायणाच्या आरंभींच नारदाला विचारलें आहे, कीं ज्यानें क्रोध जिंकला आहे, आणि तरीहि जो रणांत कोपला असतां देवसुद्धां भितात, असा पुरुष कोण ? एकाच माणसाच्या ठिकाणीं दोन्ही गोष्टी असाव्यात, हीच त्यांची अपेक्षा आहे. राम समुद्राच्या कांठीं तीन रात्रीं दर्भावर पडून विनंती करतो, त्यानंतर धनुष्य उचलतो. आणि रावण पडल्यावर, मरणाबरोबर वैर संपलें असें म्हणून त्याच्या अंत्यसंस्काराची आज्ञा करतो. काम होतांच जो निवतो, तो क्रोध ताब्यांतला.

वहिनींनीं जें धुमसणें सांगितलें, त्यालाहि शास्त्रांत दाखला आहे. स्त्रीपर्वांत, शंभर पुत्र गमावलेली गांधारी व्यासांच्या सांगण्यावरून पांडवांना शाप देण्याचें आवरते. पण धर्मराज तिच्या पायांवर वांकतो तेव्हां डोळ्यांवरच्या पट्टीच्या फटींतून तिची दृष्टि त्याच्या पायांच्या बोटांवर पडते, आणि त्याचीं नखें विद्रूप होतात. दाबलेला क्रोध म्हणजे क्षमा नव्हे. तो कोणत्या ना कोणत्या फटींतून बाहेर पडतोच. गांधारीच्या दुःखापुढें आपलीं घरगुती दुःखें तीं किती ? पण भांडीं आदळणें, अबोला धरणें आणि लेंकराच्या पाठींत नाहक धपाटा घालणें, हीं अशाच फटींतून निघालेलीं किरणें नव्हेत काय ?

सारांश, शास्त्रवचनांत खरा विरोध नाहीं. विरोध आहे तो आपण त्यांची जी वांटणी करतों तींत. संयमाचीं वचनें शास्त्रानें प्रत्येकाला स्वतःकरितां सांगितलीं, आणि तेज सांगितलें तें अन्याय थांबविण्याकरितां. आपण मात्र संयमाचे श्लोक धाकट्यांना, सुनांना आणि नोकरांना ऐकवितों, आणि तेज स्वतःच्या दुखावलेल्या मोठेपणासाठीं राखून ठेवतों. ज्यानें बोल लावला त्यानेंच, "क्षमा हा केवढा धर्म आहे !" असें समोरच्याला सांगावें, यासारखा शास्त्राचा दुरुपयोग नाहीं. क्षमा देणाऱ्यानें द्यावयाची असते. चुकलेल्यानें ती हक्कानें वसूल करावयाची नसते. त्यानें आधीं चूक कबूल करावयाची असते.

आणि एकत्र कुटुंबांत यासाठीं एक सोय अवश्य पाहिजे. द्वैतवनांत द्रौपदीला विचारतां आलें, बलीला आजोबांना विचारतां आलें. तशी विचारण्याची सोय प्रत्येक घरांत असावी. जेथें ती नसते, तेथें शांतता दिसते खरी, पण ती गांधारीच्या पट्टीआडची शांतता असते.

शेवटच्या रात्रीं अण्णांनीं नातवाला जवळ बसवून त्याचें उत्तर दिलें. ते म्हणाले, "बाळ, ज्याला आपला क्रोध आवरतां येतो, त्याच्या क्रोधाला नमस्कार करावा. आणि रक्षण मागावें तें आपल्या स्वतःच्या क्रोधापासून. दोन्ही खरें आहे." मुलानें मान हालविली आणि लगेच विचारलें, "मग आजोबा, तुम्ही उद्यांपासून रागावणार नाहीं ना ?" अण्णा हंसून म्हणाले, "रागावेन. पण आधीं फरशी कोणीं ओली केली तें पाहीन."

अण्णा आज हयात नाहींत. त्यांचा राग त्यानंतर अगदीं गेला असें म्हटलें तर तें खोटें होईल. पण बाहेरच्या माणसांदेखत घरच्या कोणाला ते पुन्हां टाकून बोलले नाहींत, हें मीं पाहिलें आहे. सायंसंध्येंत तीच प्रार्थना दिवसाच्या पापांपुरती येते. तें वाक्य आलें कीं मी क्षणभर थांबतों आणि मन, वाणी, हात, पाय अशा क्रमानें दिवसाचा हिशेब पाहतों. बहुतेक दिवशीं वाणीचाच आंकडा मोठा निघतो.